पत्र्यावरची घोडी

हैबतराव घोडेवाले कासूला, स्टेशनाच्या अलीकडे राहत. वरातीला नाचरी घोडी हवी असली की पेणपासून रोह्यापर्यंतची माणसं त्यांच्याच दारात यायची. माणूस अतिशय प्रेमळ. घोडीला रोज मूठभर गूळ द्यायचे. पत्र्यावरून उतरल्यावर.

पत्रा म्हणजे अंगणात चार विटांवर ठेवलेला एक जाड लोखंडी पत्रा. खाली पेंढा पेटवायचा, वर घोडी उभी करायची. तोंडात काटेरी लगाम आणि दोर खांबाला आवळलेला, म्हणजे उतरायचा प्रश्न नाही. पत्रा तापू लागला की ढोल वाजवायचा. घोडी एक पाय उचलते, मग दुसरा. पंधरा दिवसांनी पत्रा लागत नाही, नुसता ढोल पुरतो. मग वरातीतली मंडळी म्हणतात, मुक्या जनावराला ताल काय कळतो बघा.

एकदा कोणीतरी तक्रार केली. चौकशीला एक साहेब आले. त्यांनी घोडी पुढून पाहिली, मागून पाहिली, ‘अंगावर वळ नाही’ असं लिहिलं आणि चहा घेऊन गेले. खुराखाली बघायचा रकाना त्यांच्या कागदात नव्हता.

रोह्यापर्यंत रेल्वे सुरू झाली त्याच्या दुसऱ्या वर्षी हैबतरावांनी मैना नावाची घोडी आणली. ती काही नाचेना. पत्रा तापला की थरथर कापायची आणि सरळ आडवी पडायची.

“नाय जमत तिला. राहू द्या की,” त्यांच्या पत्नी गिरजाबाई म्हणाल्या.

“अक्षय्य तृतीयेला कोलाडची वरात हाय. नाचली तर आपली. नाय तर दुसऱ्या दिवशी टेम्पोत. कापणाऱ्याला सांगून ठेवलंय.”

गिरजाबाईंनी बादली उचलली. मैनेला पाणी त्याच पाजायच्या, आणि मैना पाणी पिताना त्यांच्या खांद्यावर मान टाकायची.

शेजारी दुसरं घोडं असलं की घोडी धीर धरते, हे हैबतरावांना ठाऊक होतं. दुसरं घोडं पोसायचं म्हणजे त्यालाही गूळ आला. म्हणून त्यांनी मेव्हण्याकडून प्लास्टरचा घोडा करवून घेतला. मेव्हणा गुणाजी हमरापूरचा. वर्षातले दहा महिने तो फक्त गणपतींचे डोळे आखतो. घोडा टेम्पोतून आला तो मांजरपाटात गुंडाळलेला.

“दाजी, कापड काढू नका,” गुणाजी म्हणाला. “डोळे झालेत.”

“मग?”

“डोळे झाले की त्याला दिसतं. आमच्या कारखान्यात आखणी झाली की मूर्ती झाकतात. पुढ्यात कोण बिडी पण ओढत नाय. दारात बसवाल, नारळ फोडाल, तवाच कापड काढा.”

“बरं,” म्हणाले हैबतराव, आणि टेम्पो वळणावर दिसेनासा होताच त्यांनी कापड ओढून काढलं. झाकलेल्या घोड्याचा घोडीला काय उपयोग?

घोडा पत्र्यासमोर ठेवला. पेंढा पेटवला, ढोल धरला.

मैना उभी राहिली. थरथरली नाही, पडली नाही, पण पायही उचलेना. हैबतरावांनी आणखी पेंढा घातला. मैनेने शेपटीने माशी उडवली. पत्रा तापलाच नाही की काय म्हणून त्यांनी बोट टेकवून पाहिलं आणि बोट तोंडात घालून बराच वेळ उभे राहिले.

भाजल्याचा वास येत होता. तो मैनेकडून येत नव्हता.

गिरजाबाईंनी जाऊन पाहिलं. प्लास्टरच्या घोड्याचे चारही खूर काळे पडले होते. काजळी असेल म्हणून ओल्या फडक्याने पुसले. निघाली नाही. आग तिथून सहा हात लांब होती.

दुसऱ्या दिवशी दुप्पट पेंढा. तिसऱ्या दिवशी सकाळी घोडा तीनच पायांवर उभा होता. चौथा वर होता, गुडघ्यात मुडपलेला. मेव्हण्याने दिला तेव्हा चारही पाय पाटावर टेकलेले होते.

गुणाजीला बोलावणं गेलं. तो आला, पण घोड्याच्या समोर काही उभा राहीना. मागच्या बाजूने बोलला.

“ह्याच्या पुढ्यात काय केलंत, दाजी?”

“शिकवण दिली घोडीला.”

“ह्यानं घेतली.”

“पुस ते डोळे, गुणाजी,” गिरजाबाई म्हणाल्या.

“आखलेले डोळे पुसत नाय गो बाय. तिचं तो सोसतोय. राहू दे तसाच. अगदीच नको झाला तर नारळ वाहून, हात जोडून, खाडीत सोडा.”

हैबतरावांनी त्यातलं ‘खाडीत’ एवढंच ऐकलं. वरातीच्या आदल्या दिवशी त्यांनी घोडा बैलगाडीत घातला आणि खाडीच्या चिखलात पालथा लोटून दिला. नारळ घरीच राहिला. परत येऊन म्हणाले, “आता बघू, कोण सोसतो तिचं.”

कोलाडला वरात दिवेलागणीनंतर निघाली. मैनेला झूल, कपाळावर गोंडा, पाठीवर नवरदेव. लगाम हैबतरावांच्या हातात. गिरजाबाई मुद्दाम बरोबर आल्या होत्या. दुसऱ्या दिवशी टेम्पो येणार की नाही, ते इथेच ठरायचं होतं.

खालूबाजा सुरू झाला. ढोलावर पहिली टिपरी पडली. मैना शांत उभी.

हैबतरावांचा उजवा पाय उचलला गेला.

त्यांनी खाली पाहिलं. रस्ता साधा होता, डांबराचा, थंड झालेला. पाय टेकवला आणि डावा उचलला. मग उजवा. मग भराभर दोन्ही. लोक मागे सरले, वर्तुळ झालं, कोणी शिट्टी घातली. वाजवणाऱ्यांना चेव आला. हैबतरावांचे डोळे पांढरे झाले होते, पण घोडेवाल्याच्या डोळ्यांकडे वरातीत कोण बघतं? सगळे पायांकडे बघत होते.

“म्हाताऱ्याला ताल काय कळतो बघा,” नवरदेवाचा मामा म्हणाला.

गिरजाबाईंनी त्यांच्या हातातून लगाम सोडवून घेतला. काटेरी लगाम काढून गटारात टाकला, साधा दोर बांधला आणि मैनेला चालवत मांडवापर्यंत नेलं. ढोल थांबला तेव्हाच हैबतराव खाली बसले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले. त्यांनी छाती तपासली, पोटऱ्या दाबल्या आणि ‘अंगावर वळ नाही’ म्हणून चहा घेतला. ते गेल्यावर गिरजाबाईंनी नवऱ्याचे तळपाय वर करून पाहिले. मग तेल-हळद कालवली.

टेम्पोवाला आला होता. त्याला त्यांनी दारातूनच परत पाठवलं. पत्रा गोठ्यावर चढवला. आता मैना त्याच्या सावलीत उभी असते. वराती मिळतात, तिला नाचायला लावायचं नाही, एवढीच अट. गिऱ्हाईकं विचारतात, घोडी नको, म्हातारा मिळेल का.

लगीनसराईत कासूला कुठूनतरी ढोल ऐकू येतोच. मैना एक कान वळवते आणि परत गवताला लागते. ओटीवर हैबतराव खाटेवर उताणे पडतात आणि दोन्ही पाय हवेत धरून ठेवतात. गिरजाबाई येऊन मूठभर गूळ देतात. ढोल थांबल्यावर.