एक पुढे, एक मागे

मित्रांनो, मी सांगतो त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही, हवी तर पैज लावा. मी एक जुना शॉकअप आहे, आणि मसुऱ्याच्या घाटीवरून मी साक्षात गणपतीला सांभाळून घरी आणलं आहे.

शॉकअप म्हणजे मोटारीच्या चाकाजवळचं तेल भरलेलं लोखंडी नळकांडं. खड्ड्यात गाडी उसळली की मी तिला आवरतो. माझा जन्म परदेशातला. गाडी बोटीतून आली असं आमचे मालक भाई सांगतात. पण अर्ध्या समुद्रात बोट दमली तेव्हा वल्हं कोणी मारलं, ते त्यांना कुठे ठाऊक?

कारखान्यात मला मागच्या ॲक्सलच्या, म्हणजे दोन चाकं जोडणाऱ्या दांड्याच्या, पुढे बसवलं आणि पलीकडच्या चाकाजवळ माझा जोडीदार ॲक्सलच्या मागे. बघणाऱ्याला वाटावं, कामगारांना जेवायची घाई होती! पण त्यात मोठी अक्कल आहे. चढावर गाडीला एकदम जोर दिला की ॲक्सल पिळली जाते. तिला धरणारे स्प्रिंगचे कमानपाटे वाकतात, सुटतात, पुन्हा वाकतात आणि चाकं रस्त्यावर नाचू लागतात. तेव्हा एकाने पुढून दाबून धरायचं, दुसऱ्याने मागून ओढून धरायचं. म्हणून आम्ही असे.

कित्येक वर्षं आमच्याकडे कोणी वाकून पाहिलं नाही. कौतुक सगळं हॉर्नचं, आणि लग्नातला हार बॉनेटला.

यंदा चतुर्थी जवळ आली. खाडीकडे मूर्तिकार लवूच्या गणपतीच्या शाळेत भाईंच्या घरच्या पाटावर मूर्ती रंगत होती. घर मात्र घाटीच्या वर. मूर्ती कच्च्या मातीची. भाईंची सून संचिता ती मांडीवर घेऊन मागच्या सीटवर बसणार. बाप्पाला धक्का नको म्हणून भाईंनी शिवा मेकॅनिकला गाडीखाली घातलं.

"भाईनू, ह्यो एक पुढे नि एक मागे! कोणी दारू पिऊन बसवल्यान काय?"

"तरीच गाडी हाडां खिळखिळी करता! दोनय सारखे कर. बाप्पाक त्रास नको."

झालं! बाप्पाच्या नावाने माझी जागा गेली. शिवाने मला उपटून ॲक्सलच्या मागे ठोकलं. आता आम्ही दोघे एका रांगेत, कवायतीला उभे राहिल्यासारखे. मी रडलो. अंगणात तेलाचे डाग पडले ते माझे अश्रू होते, गळती नव्हे.

संचिता मात्र सावध. "बाबांनू, मूर्ती माझ्या मांडयेर आसतली. फुटली तर सगळे माकाच बोलतले. आधी एक फेरी मारून दाखवा." आणि ती पाण्याने भरलेलं मडकं मांडीवर घेऊन बसली.

घाटीच्या पायथ्याशी भाईंनी पहिल्या गिअरात जोर दिला. धडधड, धडधड! मागची चाकं बेडकासारखी उड्या मारू लागली. मडकं पुढच्या सीटवर आपटून फुटलं आणि सगळं पाणी भाईंच्या मानेवरून सदऱ्यात उतरलं.

"शिवा, मेल्या! मडक्याच्या जागेर बाप्पा आसतो तर?"

शिवाचं तोंड उतरलं. "होतो तसो बसवतंय. कित्याक तसो होतो, तां देवाकच ठावक."

"देव उद्या बसतलोच गाडीत," संचिता ओढणी पिळत म्हणाली, "तेकाच इचार."

दुसऱ्या दिवशी मी माझ्या जागी होतो. रुमालाने तोंड झाकलेली मूर्ती संचिताच्या मांडीवर. घाटी आली. संचिताने मूर्तीच्या पाठीला हात लावून डोळे गच्च मिटले. ॲक्सल पिळायला लागली. मी पुढून जोर लावला. चाकं रस्त्याला घट्ट धरून राहिली. वर पोचल्यावर संचिताने रुमाल उचलून पाहिलं. सोंडेवरच्या रंगाचा टवकाही उडाला नव्हता. तिने सोडलेला तो श्वास मला खाली ऐकू आला. गाडीतून उतरताना बाप्पाने हळूच सोंड खाली सोडून माझी पाठ थोपटली, ते मात्र कोणी पाहिलं नाही.

म्हणून मित्रांनो, एवढंच मागणं. कोणी इतरांपेक्षा वेगळा बसलेला दिसला, तर तो चुकला असं समजून त्याला रांगेत ओढू नका. तो तिथे काय धरून आहे, ते आधी बघा. आणि अधूनमधून गाडीखाली वाकत जा. उपटलं जाताना काय कळा येतात, त्या माझ्या मला ठाऊक...

"रे ए!" पलीकडच्या चाकाजवळून, ॲक्सलच्या पुढून आवाज आला. "शिवान उपटल्यान तो माका! पुढचो मी! तू मागचो, तू जागचो हललंस तरी खंय?"