फोनवरची पट्टी

अनुदानातून नवा फोन आला त्या दिवशी शिंपीकाकांनी सगळ्यांना चहा पाजला, आणि दुसऱ्याच दिवशी मी त्या फोनवर चिकटपट्टी लावली. जखमेवर लावतात ती. इस्पितळात तीस वर्षं सिस्टर म्हणून काढलेल्या बाईच्या पर्समध्ये दुसरं काय सापडणार?

आमची हेल्पलाइन म्हणजे वाचनालयामागची एक खोली, दोन खुर्च्या आणि पाळीपाळीनं बसणारे आम्ही सातजण; कारभार शिंपीकाका बघतात. कुणाला जीव नकोसा होतो, कुणाला घरात बोलायला माणूस उरत नाही, ते आम्हाला फोन करतात. पगार कुणालाच नाही. माझी जाऊ म्हणते, "फुकट बसून ऐकायचंच असेल तर माझं ऐक की." तिचं मी पस्तीस वर्षं ऐकतेच आहे. खोलीचं भाडं आणि फोनचं बिल मात्र नगरपालिकेच्या अनुदानावर चालतं.

नव्या फोनला छोटी काच होती आणि तिच्यावर समोरच्याचा नंबर उमटायचा. तो नंबर रजिस्टरात लिहायचा, अशी अनुदानाची अट होती. फोन खरोखर येतात याचा पुरावा म्हणे. आणि आम्ही तर इतकी वर्षं प्रत्येकाला सांगत आलो होतो की तुमचा नंबर आम्हाला दिसत नाही.

दर मंगळवारी अकराच्या सुमारास एका बाईचा फोन यायचा. पहिलं वाक्य ठरलेलं. "माझा नंबर दिसत नाही ना, ताई?" पूर्वी तिनं दुसरीकडे कुठंतरी फोन केला होता. तिथल्या कुणीतरी काळजीपोटी उलट फोन करून चौकशी केली आणि तो नेमका सासूनं उचलला. पुढचे हाल तिनं मला तुकड्यातुकड्यानं, चार महिन्यांत सांगितले. तिला "दिसत नाही" म्हणताना मला खोटं बोलायचं नव्हतं, म्हणून ती पट्टी.

शिंपीकाकांनी कपाळाला हात लावला. "सिस्टर, अनुदान बंद झालं तर खोली जाईल. मग त्या बाईनं फोन कुठं करायचा?" नंबरचा रकाना तरीही कोराच राहिला.

अनुदानाच्या दुसऱ्या हप्त्याआधीची तपासणी करायला नगरपालिकेचे साहेब आले तेही मंगळवारीच. कडक इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. त्यांनी रजिस्टर चाळलं, मग पट्टीकडे बोट दाखवलं.

"हे काय?"

मी सांगायला तोंड उघडलं आणि फोन वाजला.

तीच होती. पण पहिलं वाक्य आलं नाही. आवाज इतका जड की मला लगेच कळलं. "ताई, मी घेतलंय काहीतरी," एवढंच ती बोलली.

मी रजिस्टराच्या कडेला 'ॲम्ब्युलन्स' असं खरडलं. साहेबांनी आपला मोबाइल काढला.

"पत्ता सांग मला," मी म्हणाले. पलीकडून नुसता श्वास ऐकू आला.

साहेबांचा हात पट्टीकडे गेला. मी त्या हातावर फटका मारला. चांगला सणसणीत बसला.

"ऐक," मी तिला म्हणाले, "तुझा नंबर इथं पट्टीखाली आहे. मी आजवर पाहिला नाही. आता पट्टी काढू का? नंबरावरून माणसं तुझ्यापर्यंत येतील. मी कुणाला उलट फोन करणार नाही."

मनात दहा मोजायचं ठरवलं होतं. दहानंतर तिच्या होकाराशिवाय काढलीच असती, हेही सांगून टाकते. सात झाले तेव्हा ती म्हणाली, "काढा."

साहेबांनी नंबर वाचून ॲम्ब्युलन्सवाल्यांना दिला. दारावर थापा ऐकू येईपर्यंत मी तिच्याशी बोलत राहिले. मग तीच पट्टी घाईघाईनं परत दाबली आणि खुर्चीत बसून रडले. साहेब खिडकीबाहेर बघत हात चोळत उभे राहिले.

त्यांचा अहवाल पुढच्या आठवड्यात आला. 'नंबर नोंदवले जातात का?' यापुढं त्यांनी लिहिलं होतं, 'होय. विचारून.' हप्त्याचा निर्णय अजून समितीपुढं आहे. भाडं महिनाअखेरपर्यंतचं भरलेलं आहे.

चार मंगळवार फोन आला नाही. ती वाचली एवढंच इस्पितळातल्या जुन्या मैत्रिणीकडून कळलं होतं, त्यापुढं मी विचारलं नाही. पाचव्या मंगळवारी फोन वाजला.

"माझा नंबर दिसत नाही ना, ताई?"

मला फार आनंद झाला. मग काचेकडे पाहिलं. पट्टीचा डिंक गेला होता. ती एका बाजूनं सुटून लोंबत होती आणि शेवटचे चार आकडे उघडे पडले होते.

"दिसतोय," मी म्हणाले. "थांब जरा, नवी लावते."

ती फोन ठेवणार, असंच मी धरून चालले होते.

"थांबते," ती म्हणाली.