सात नंबरवरचं कुंकू

मी भित्रा माणूस आहे. माझी आयुष्यातली सगळी खोटी बोलणी भीतीपोटी झालेली आहेत, आणि त्यातलं सगळ्यात महागडं मी जूनमध्ये, ऑफिसच्या लंचला, तोंडात बिर्याणीचा घास असताना बोललो.

नवे रीजनल हेड फिरदोस सर नुकतेच आले होते. आमच्या अबुधाबीच्या ऑफिसात चार मॅनेजर. त्यातले दोन कमी होणार ही बातमी त्यांच्याआधी येऊन पोचली होती. जेवताजेवता त्यांनी सहज विचारलं, "आप लोगों में गोल्फ कौन खेलता है?" बाकीचे तिघे ताटात बघत राहिले. माझा हात वर गेला. कसा गेला ते मला आजही सांगता येत नाही.

"अरे वा, धनंजय! कितने साल से?"

"दस साल, सर."

खरं म्हणजे मी चार वेळा गोल्फच्या सराव-रेंजवर जाऊन भाड्याच्या काठीने चेंडू मारले होते, आणि त्यातल्या एका वेळी चेंडू जागेवर राहून काठीच पुढे गेली होती.

बायकोला सांगितलं तेव्हा सुचित्रा हसली नाही. माझं वय एकोणपन्नास. ईरा बारावीला, मार्चमध्ये तिची बोर्डाची परीक्षा. तिघांचे व्हिसा माझ्या नोकरीवर. नोकरी गेली की घर आवरायला मोजके दिवस मिळतात, आणि पुण्यात या वयाच्या पर्चेस मॅनेजरसाठी कुणी दार उघडून बसलेलं नाही. लिफ्टमध्ये फिरदोस सर दिसले की मी जिना धरायचो.

सप्टेंबरच्या शेवटी त्यांनी केबिनमध्ये बोलावलं. "बारह तारीख, सॅटर्डे, सुबह साढ़े छह. सिर्फ आप और मैं. मंडे को लिस्ट भेजनी है, उससे पहले थोड़ी खुली हवा."

लिस्ट कसली, ते मी विचारलं नाही. "शुअर, सर" म्हणालो, आणि त्याच शुक्रवारी दुबई गाठली. अल क्वोजमध्ये टायरच्या एका गोदामामागे गोल्फच्या काठ्या बनवण्याचं आणि दुरुस्तीचं वर्कशॉप आहे. तिथला केरू संगमेश्वरकडचा, सतरा वर्षं याच कामात. माणसाची उंची, हात, मारायची पद्धत पाहून त्याला कुठली आयर्न, म्हणजे लोखंडी डोक्याची काठी, द्यायची ते तो ठरवतो.

त्याने सात नंबरच्या आयर्नच्या तोंडावर पांढरी पावडर फवारली. "मारा साहेब."

मी चार चेंडू मारले. दर फटक्यानंतर तो पावडरीवर उठलेली चेंडूची गोल खूण बघायचा, पुसायचा, परत फवारायचा. एक टोकाला, एक दांड्याकडच्या टाचेला, दोन पार तळाला. मध्यावर एकही नाही. तो हसला असता तर मला बरं वाटलं असतं.

"तुम्हाला हा सेट," तो म्हणाला. मागून पोकळ, तळाला रुंद, डोकं चांगलं मोठं. "चेंडू कडेला लागला तरी सांभाळून घेतो. दोन वर्षं हाच मारा."

दिसायला तो सेट बोजड होता. शेजारी भिंतीवर दुसरा टांगलेला होता, सुरीच्या पात्यासारखा पातळ आणि चकचकीत. फिरदोस सरांच्या गाडीच्या डिकीत मी अगदी तसाच पाहिला होता.

"तो दाखवा."

"तो पट्टीच्या लोकांचा, साहेब. मध्यावर बसला तर लोणी. जरा सरकला तर कोपरापर्यंत झिणझिण्या."

"केरूभाऊ, दहा वर्षं खेळणारा माणूस हा जाड सेट घेऊन जाईल का?"

"दहा वर्षं कोण खेळलंय?"

मी खाली बघितलं. केरूला काय कळायचं ते कळलं. "दुसऱ्याला दाखवायला घेताय तुम्ही," तो म्हणाला. "चेंडू तर तुम्हालाच मारायचाय ना?"

"किती?"

"साडेचार हजार दिरहम. जाड सेट याच्या निम्म्यात."

"म्हणजे एक लाख तीन हजार रुपये," मी मोठ्याने म्हणालो, आणि पातळ सेट घेतला. शहाणपणाचं सांगणाऱ्या माणसाला पैसे देऊन मूर्खपणा विकत घेण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

पुढचे दोन आठवडे रोज ऑफिसनंतर रेंजवर गेलो. तळहाताला फोड आले. चेंडू कधी उजवीकडच्या जाळीत, कधी वीस पावलांवर. घरी आलो की ईरा पुस्तकातून डोकं वर करायची. "बाबा, जस्ट टेल हिम द ट्रुथ. व्हॉट्स द वर्स्ट दॅट कॅन हॅपन?" तिला काय सांगणार? ती बसली होती ती खुर्चीसुद्धा त्या वर्स्टमध्येच येत होती.

खंडेनवमी शुक्रवारी आली. सुचित्राने दरवर्षीप्रमाणे हॉलमध्ये चादर अंथरून तिच्यावर आमची हत्यारं मांडली: माझा लॅपटॉप, गाडीची किल्ली, ईराची कंपासपेटी, तिची स्वतःची मिक्सरची भांडी. आणि यंदा बॅगेतल्या आयर्न, एका रांगेत, तोंडं वर करून. प्रत्येकीच्या तोंडभर तिने ओल्या कुंकवाचा हात फिरवला, मध्ये हळदीचं बोट लावलं आणि वर झेंडू ठेवला. मग डोळे मिटून बराच वेळ हात जोडून उभी राहिली. तीही घाबरलेली होती, फक्त बोलत नव्हती.

शनिवारी सकाळी निघताना आयर्न बॅगेत भरल्या. कुंकू वाळून घट्ट बसलं होतं. पुसायला हवं, हे कळत होतं. फडकं हातात घेतलंही. पण ऐन दसऱ्याला, नोकरीचा निकाल तोंडावर असताना, देवीचं कुंकू स्वतःच्या हाताने पुसायचं? माझी हिंमत झाली नाही. फडकं ठेवलं आणि झेंडूच्या पाकळ्या तेवढ्या झटकल्या.

साडेसहालाच हवा दमट होती. चष्म्यावर वाफ धरत होती. पहिल्या होलवर मी सहा नंबर काढला, तोंड पायाकडे वळवून धरला, आणि मारला. झिणझिण्या खांद्यापर्यंत गेल्या. चेंडू झुडपात. "बॅड लक," फिरदोस सर म्हणाले. दुसऱ्यावर आठ नंबर, वाळूत. तिसऱ्यावर सात, पाण्यात. दर फटक्यानंतर मी काठी चोरासारखी बॅगेत सारत होतो. गंमत म्हणजे सरांचे चेंडूही फार बरे जात नव्हते, पण मला स्वतःचंच इतकं पडलं होतं की मी तिकडे लक्ष दिलं नाही.

पाचव्यावर ते बग्गीतून उतरले आणि माझ्या बॅगेकडे गेले. "आपका सात नंबर देखता हूँ ज़रा. सेम सेट है ना अपना?"

"सर, नको... मतलब, रुकिए—"

तोवर तो त्यांच्या हातात होता. लालभडक तोंड, आणि पार टोकाला चेंडू बसून उडालेल्या कुंकवाचा गोल डाग. त्यांनी आठ नंबर काढला. डाग टाचेला. सहा नंबर. डाग तळाला. तिन्ही त्यांनी बग्गीला टेकवून ओळीने उभ्या केल्या. डॉक्टर एक्स-रेकडे बघतो तसे ते बघत होते, आणि मी पेशंटसारखा उभा होतो.  डोळ्यांसमोर ईराची खुर्ची आली.

"ये लाल क्या है?"

"कुंकू, सर. कल पूजा थी. औज़ारों की."

"कल की पूजा," ते सावकाश म्हणाले. "तो ये सब निशान आज के हैं." मग माझ्याकडे न बघता विचारलं, "सच में कितने साल?"

"चार बार, सर. साल नहीं. चार बार. और ये दो हफ़्ते."

 मी बग्गीचा दांडा धरला. आता ते ओरडतील, निदान हसतील, असं वाटत होतं. त्यांनी त्यातलं काहीच केलं नाही. माझ्या बॅगेतून नऊ नंबर काढला. त्याच्यावरचं कुंकू अजून अख्खं होतं. "आपकी देवी बुरा तो नहीं मानेंगी?" असं विचारून त्यांनी बाटलीतल्या पाण्याने अंगठा ओला केला, कुंकू घेतलं, आणि स्वतःच्या सात नंबरला तोंडभर फासलं. जरा वेळ वाळू दिलं. मग चेंडू ठेवून मारला.

काठी उलटी करून त्यांनी पाहिली. मीही पाहिली. डाग टोकाला होता, माझ्यापेक्षासुद्धा टोकाला.

"मेरे बॉस के पास यही सेट है," ते म्हणाले. "दुबई हेड ऑफिस में. मैंने कहा था, पंद्रह साल से खेलता हूँ."

 त्यांचे चेंडूही सकाळपासून झुडपांतच जात होते. त्याचं कारण मला आत्ता दिसलं.

"लिस्ट में पाँच नाम हैं, धनंजय. चार आप लोगों के. पाँचवाँ मेरा. किसे रखना है, दुबई तय करेगा." टॉवेलने त्यांनी आधी स्वतःची काठी घासून पुसली, मग माझ्या तिन्ही. "यल्ला, चलो. खेल खलास. नाश्ता करते हैं."

माझा जीव भांड्यात पडायला हवा होता. तो पडला नाही. ज्या माणसाला मी चार महिने घाबरलो, तोही इतकाच घाबरलेला असेल तर वाचवणारं वर कुणी शिल्लकच नव्हतं. सुचित्राने दारातच विचारलं, "काय झालं?" मी म्हणालो, "छान झालं." आणि संध्याकाळी तिच्या हातात आपट्याचं पान दिलं.

मंगळवारी ईमेल आली. दोन मॅनेजर गेले होते. मी त्यांत नव्हतो. सुचित्रा रडली, ईरा "थँक गॉड" म्हणत गळ्यात पडली, पेढे आले. फिरदोस सरांची केबिन बंद होती. ते रजेवर आहेत असं कळलं.

शुक्रवारी मी आयर्न घेऊन परत अल क्वोजला गेलो. "बदलून द्या, केरूभाऊ. तो जाड सेट."

 केरू माझी बॅग उचलून जुन्या मालाच्या रॅककडे ठेवायला गेला. तिथे तसाच एक पातळ सेट आधीच उभा होता.

"हा कुणाचा?"

"कालच एक साहेब देऊन गेले. इंडियाला चाललेत कायमचे. मोठ्या घाईत होते, भावसुद्धा केला नाही."

मी त्यातला सात नंबर उचलला. तोंड लख्ख पुसलेलं होतं. फक्त टोकाकडच्या खाचांत, जिथे टॉवेल पोचत नाही, बारीक लाल रेघा राहिल्या होत्या.

"गंज असेल," केरू म्हणाला.

मी काठी जागेवर ठेवली. तेवढ्यात खिशातल्या फोनवर मेसेज आला. अनोळखी नंबर. सरांच्या जागी आलेला माणूस. 'हॅलो धनंजय, फिरदोसच्या नोट्समध्ये वाचलं, तुम्ही गोल्फ खेळता. शनिवारी सकाळी?' इंग्रजीत, दोन हसऱ्या चेहऱ्यांसकट.

केरू जाड सात नंबरवर पावडर फवारून माझी वाट बघत उभा होता. मी तीनदा खोडून लिहिलं. 'सर, मला येत नाही. शिकतोय.' पाठवलं.

दोन निळ्या खुणा लगेच आल्या. उत्तर अजून आलेलं नाही.