माउलीच्या दिव्याखालची शिळा

अर्चना पार्सेकरचा प्रबंध म्हणजे तीन घरचा पाहुणा होता आणि पान मात्र कुठेच मांडलेले नव्हते. कॉमर्सवाले म्हणत, बाई, हा इतिहास झाला. इतिहासवाले चार पाने चाळून विचारत, यात बायकांच्या ओव्या कशाला? मराठी विभागातले सज्जन गृहस्थ व्याजाचा तक्ता दिसला की चष्मा काढून पुसायला लागत. विषय खरे तर लहान मुलालाही कळेल असा होता. जुन्या काळी देवळात नंदादीप लावायचा तर कोणीतरी सोनेनाणे ठेव म्हणून ठेवी, आणि त्या ठेवीच्या व्याजातून तेल येई. ठेवी बुडाल्या, राज्ये बुडाली. मग काही दिवे अजून जळतात ते कशाच्या जोरावर, एवढेच तिला विचारायचे होते.

अर्चना पेडण्याची. म्हापशाच्या एका कॉलेजात हिशेबशास्त्र शिकवायची, आणि पुण्याला दोन उन्हाळे घालवून जुनी लिपी शिकली होती. हेका धरला की सोडायची नाही, ही तिची ख्याती घरात होतीच, कॉलेजातही पसरली होती. तिच्या मार्गदर्शक रुक्मिणीबाई अर्थशास्त्राच्या. त्यांनी एकट्यांनी हा विषय पदरात घेतला आणि विद्यापीठाशी भांडून मुदत दोनदा वाढवून घेतली. आता मार्चअखेर शेवटची मुदत होती. प्रबंध गेला नाही तर नोंदणी रद्द आणि सहा वर्षे पाण्यात.

अडले होते एका शिळेपाशी. डिचोलीहून सुर्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, खाणीच्या ट्रकांची लाल धूळ जिथे झाडांवर बसते, तिथे आत एक गाव आहे. त्या गावच्या माउली देवीच्या गर्भकुडीत, म्हणजे गाभाऱ्यात, नंदादीप जळतो आणि दिव्याची समई एका कोरीव शिळेवर उभी आहे. गावकरी सांगतात, फिरंग्यांच्या जुलमात देवी नदीपलीकडून होडीत घालून आणली तेव्हा शिळाही सोबत आली. पन्नास वर्षांपूर्वी एका हौशी अभ्यासकाने तिचे वाचन छापले होते. व्यापाऱ्यांच्या श्रेणीने, म्हणजे संघाने, ठेव ठेवली, व्याजातून तेल घालावे, असा मजकूर. शेवटच्या ओळीत त्याला ‘पाय’ आणि ‘माथा’ एवढेच लागले होते. बाकी टिंबे, आणि पुढे कंसात त्याचा अंदाज: दिवा मोडणाऱ्यास शाप. तेव्हापासून गावात त्या शिळेची दहशत होती. पाय तुटतील, माथा फुटेल, असे मुलांना सांगत.

अर्चनाला ती टिंबे झोपू देईनात. रुक्मिणीबाई म्हणाल्या, छापील वाचन घे, तळटीप टाक आणि मोकळी हो. पण सगळा प्रबंध ज्या दिव्यावर उभा, त्याचाच दाखला दुसऱ्याच्या अंदाजावर सोडायचा, हे तिच्या पचनी पडेना.

देवस्थान समितीचे अध्यक्ष गोकुळदासबाब यांचे डिचोलीच्या बाजारात किराणा दुकान होते. त्यांच्या घरी ती आधी वर्षभर जातयेत होती, कारण त्यांच्या आई विमला यांना दिव्याच्या ओव्या येत. गावातली घरे महिना महिना वाटून तेल देत, त्याला पाळी म्हणत. विमलाबाई सून म्हणून आल्या तेव्हापासून घरची पाळी त्यांनीच सांभाळली होती. बायकांना गर्भकुडीत प्रवेश नाही, म्हणून उंबऱ्याबाहेर उभे राहून गुरवाच्या भांड्यात तेल ओतायचे आणि हात जोडून परतायचे. अर्चनाने टेपवर घेतलेली त्यांची एक ओवी अशी होती:

कोणें लायलो गे दिवो, नांव कोणाक ना खबर,
आमच्या पाळयेचें तेल भर, माये, दिव्यांत.

शिळा पाहायची म्हणताच मात्र गोकुळदासबाबांचा चेहरा बदलला. १९८६ साल सरत आले होते. गोव्याची राजभाषा कोंकणी की मराठी, यावरून एका घरात दोन चुली पेटायची वेळ आली होती. गोकुळदासबाब कट्टर कोंकणीवाले, अर्चनाचा प्रबंध मराठीत. शिळेचा फोटो उद्या कोणाच्या व्यासपीठावर मिरवेल, ही त्यांची भीती, आणि ती अगदीच खोटी नव्हती. त्यांनी हो म्हटले नाही, नाहीही म्हटले नाही. देवीचा कौल घेऊ, म्हणाले.

तिकडे कौलाशिवाय पान हलत नाही. सगुण गुरवाने फुलाच्या भिजवलेल्या पाकळ्या देवीच्या दोन्ही अंगांना लावल्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. गोकुळदासबाबांनी सांगितले तसे गाऱ्हाणे त्याने घातले: शिळा बाहेर काढून लोकांना दाखवावी, असे म्हणतात, तुझा हुकूम काय? मंडपात खांबाला टेकून अर्चना पाकळ्यांवर नजर ठेवून उभी होती. बऱ्याच वेळाने डावी पाकळी सुटून खाली आली. सगुणने मान हलवली आणि सगळे पांगले. देवळात रडणे बरे दिसत नाही म्हणून ती बसस्टॉपवर येऊन रडली.

पुढची पंचाईत घरच्याच माणसाने केली. निवृत्तीकाका, तिच्या वडिलांचे धाकटे भाऊ. वडील गेल्यावर तिचे शिक्षण त्यांनीच केले होते. काका मराठीवाले, आणि गळा असा की माइक नसला तरी चाले. पेडण्याला सभा ठरली आणि पुतणीला न विचारता त्यांनी जाहीर करून टाकले: माउलीच्या शिळेवरची भाषा कोणती, ते आमची अर्चना पुराव्यानिशी सांगेल.

अर्चना व्यासपीठावर गेली. समोर सगळा ओळखीचा गाव. काकांचा उपकाराचा डोंगर डोक्यावर. दोन वाक्ये बोलली असती तर टाळ्या पडल्या असत्या आणि काकांची छाती फुगली असती. ती म्हणाली, "मी ती शिळा पाहिलेली नाही. जे छापलंय, त्यात नेमकी महत्त्वाची जागा रिकामी आहे. न पाहिलेल्या गोष्टीवर मी सही करत नाही." एवढे बोलून ती खाली उतरली. मागून कोणीतरी शिट्टी मारली. काकांनी पुढच्या वक्त्याला उभे केले आणि सभा संपल्यावर मुकाट्याने मोटारसायकल तिच्यापुढे आणून लावली. पण वाटेत खड्डा आला की काका नेहमीसारखेच हळू करत होते, आणि मागे बसलेल्या अर्चनाच्या डोळ्यांना त्या हळू होण्यानेच पाणी आले.

गोव्यात बातमीला बस लागत नाही. आठवडा उलटायच्या आत गोकुळदासबाब म्हापशाला कॉलेजात हजर झाले. शिपायाच्या बाकावर, मांडीवर पिशवी घेऊन, तास सुटेपर्यंत बसून राहिले. पिशवीत आईने दिलेली केळी होती. ती अर्चनाच्या हातात दिल्यावर ते बराच वेळ केळ्यांच्या भावाबद्दल बोलले आणि मग एकदम मुद्द्यावर आले.

"बाय, देवी विचारिल्ल्याचीच जाप दिता," ते म्हणाले. "शीळ भायर काडूं काय म्हणून हांवें विचारलें. तें म्हज्या भंयान विचारलें. तुमकां कितें जाय, तें कोणें विचारलेंच ना."

देवी विचारल्याचेच उत्तर देते, आणि तो प्रश्न त्यांच्या भीतीने विचारला होता. प्रश्न नीट मांडला नाही तर उत्तर कामाचे येत नाही, हे ती वर्गात मुलांना दर वर्षी सांगत असे. पण स्वतःचा प्रश्न देवीपुढे दुसऱ्याला मांडू देताना ती गप्प राहिली होती. तिने तेव्हाच पुढे होऊन सांगायला हवे होते की मला शिळा हलवायची नाही, फोटोही नको, फक्त वाचायची आहे. तोच प्रश्न पुन्हा विचारता येत नाही, गोकुळदासबाबांनी समजावले, पण हा प्रश्न वेगळा आहे. आणि या वेळी तो तिच्या तोंडचा असेल.

माघात, गोकुळदासबाबांच्या घरची पाळी असताना, कौल पुन्हा लागला. विहिरीवर न्हाऊन अर्चना ओलेत्याने उंबऱ्याबाहेर उभी राहिली. तिने सांगितलेले सगुणने आपल्या बोलीत देवीला घातले: "माउली, ही लेक दारांत उबी आसा. शीळ हालोवंची ना, भायर काडची ना, भितर येवन आसा थंयच वाचतली. तुका मानता जाल्यार उजवी दी." त्याचे बोलणे संपते न संपते तोच उजवी पाकळी पडली. इतकी पटकन की सगुणलाच हसू आले.

देवीनेच हुकूम दिल्याने बायकांचा नियम तिच्यापुरता सुटला; पण आत गेल्यावर तिला काहीच दिसेना. शिळेवर तेलाचा आणि काजळीचा थर, अक्षरे सपाट झालेली. सगुणने शिळेचा दर्शनी भाग कोमट पाण्याने हलक्या हाताने पुसला आणि निरांजन घेऊन वर धरले. अर्चनाने त्याला ते खाली, शिळेच्या कडेला लावून धरायला सांगितले. आडवा उजेड पडला आणि एकेका अक्षराच्या खाचेत सावली भरली. ओळी उठून आल्या. ती गुडघ्यांवर बसून वाचू लागली. उंबऱ्याबाहेर गोकुळदासबाब उभे होते.

श्रेणीबिणी कोणी नव्हती. जुन्या अभ्यासकाला व्यापारी दिसले, ते एका व्यापाऱ्याच्या बायकोमुळे. नवरा गेल्यावर तिने आपले दागिने देवळात ठेवले होते आणि त्यांच्या वाढीतून दिव्याला तेल मागितले होते. नावाची जागा झिजून गेली होती, बायकांच्या नावाला आदराने लागणारे शेवटचे ‘अव्वा’ तेवढे उरले होते. वरच्या ओळी संस्कृताच्या वळणाच्या, अडखळत लागत होत्या. शेवटची ओळ मात्र साध्या बोलण्यातली होती. अर्चनाने ती एकदा मनात वाचली, दुसऱ्यांदा बोट लावून वाचली, आणि मग मोठ्याने वाचली:

"हा दिवा जो चालवी, तयाचे पाय माझे माथां."

अर्थ सांगायला तिने मान वर केली आणि सांगायची गरज नसल्याचे तिला दिसले. गोकुळदासबाबांनी उंबऱ्याला हात टेकले होते. सगुणने निरांजन खाली ठेवून हात जोडले होते. शाप कुठेच नव्हता. आपल्यामागे जे कोणी हा दिवा सांभाळतील, ज्यांना ती कधीच पाहणार नव्हती, त्यांचे पाय त्या बाईने आपल्या डोक्यावर घेतले होते. आगाऊच आभार मानून ठेवले होते. आणि तिचे आभार काजळीखाली दबून राहिले, तरी हे लोक तेल घालतच आले होते. अर्चनाला तिच्या सहा वर्षांच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले होते. दागिने कधीच गेले होते. उरली होती ती पाळी. त्या क्षणी तिला पदवी आठवली नाही. आपण इथे पोचलो, एवढ्यानेच तिचे मन भरून आले. भांडणाऱ्या रुक्मिणीबाई, खड्ड्यापाशी हळू करणारे काका, बाकावर केळी घेऊन बसलेला हा माणूस, सगळे तिला एकदम आठवले.

कोणती भाषा, हे गोकुळदासबाबांनी विचारले नाही. त्यांना आई आठवली, आणि ते एवढेच म्हणाले, "आवयक सांगूंक जाय."

विमलाबाईंचे गुडघे गेल्या पावसाळ्यापासून धरले होते. देवळाची पायरी होत नव्हती, म्हणून पाळीचे तेल सुनेच्या हाती पाठवत आणि दिवसभर चुटपुटत. त्या पडवीत खाटेवर बसून लसूण सोलत होत्या. अर्चना जमिनीवर त्यांच्या पायांशी बसली आणि तिने ती ओळ म्हटली. विमलाबाईंनी ती पुन्हा म्हणायला लावली. मग हातातला लसूण सुपात ठेवून आपल्या सुजलेल्या पायांकडे बघत राहिल्या.

"इतलीं वर्सां तेल घातलें," त्या सावकाश म्हणाल्या. "कोण पळयता अशें केन्ना दिसलें ना." कोणी बघत असेल असे त्यांना कधी वाटलेच नव्हते. मग त्यांनी विचारले, "नांव कितें तिचें?"

नाव झिजले आहे, असे अर्चनाने सांगितले. विमलाबाईंनी मान डोलावली. दिवा कोणी लावला, नाव कोणालाच ठाऊक नाही, त्यांच्या ओवीत तेच तर होते. मग त्यांनी सुनेला हाक मारून तेलाचा तांब्या मागवला, संध्याकाळच्या दिव्याचा, आणि तो अर्चनाच्या हातात दिला.

"तूं वोत," त्या म्हणाल्या. "आनी तिका म्हण, दिवो आसा."

अर्चना देवळात परत आली तेव्हा ऊन कलले होते आणि खाणीचे शेवटचे ट्रक घरघरत चालले होते. रीतीप्रमाणे ती उंबऱ्याबाहेर उभी राहिली. सगुणने भांडे पुढे केले, तिने तेल ओतले, त्याने आत जाऊन समई भरली. ज्योत जरा मोठी झाली. शिळा काळोखात होती, तरी ती कुठे आहे ते आता तिला ठाऊक होते. तिने हात जोडले आणि विमलाबाईंचा निरोप, त्यांच्याच शब्दांत, आत शिळेवरच्या बाईपर्यंत पोचवला.