खुंटीवरची पिशवी

मुलांनो, घटकाभर डोळे मिटा आणि आपल्या पोटात एक शेत आहे असं समजा. उजवीकडे, बरगड्यांच्या आडोशाला एक विहीर आहे. तिचं नाव यकृत. तिच्यात पाणी नाही, हिरवट-पिवळं कडूजार पित्त आहे. ते एका बारीक पाटानं आतड्याकडे जातं आणि तूप, तेल, रस्सा पचवायला मदत करतं. आता त्या पाटात खडा अडकला तर? पित्त तुंबणार आणि माणूस डोळ्यांपासून पिवळा पडणार.

शिवांजलीच्या आबांचं नेमकं तसंच झालं. आबा म्हणजे तिचे आजोबा लालासाहेब, फौजेतून सुभेदार होऊन आलेले. सांगलीच्या डॉक्टरांनी ऑपरेशन करून खडा काढला. पाट बरा होईपर्यंत पित्ताला वाट हवी, म्हणून पोटातून एक रबरी नळी बाहेर काढून ठेवली. नळीच्या टोकाला पिशवी.

दवाखान्यातून निघताना प्रियंका सिस्टरांनी चौथीतल्या शिवांजलीला जवळ बोलावलं.

"मोठी माणसं विसरतात, म्हणून तुला सांगते. साबणानं हात धुतल्याशिवाय नळीला, पिशवीला कुणी हात लावायचा नाही. पिशवी कायम कमरेच्या खाली. आणि आबांना थंडी वाजून ताप आला तर सकाळची वाट बघायची नाही, तडक निघून यायचं. पित्ताच्या वाटेत जंतू शिरले तर ते रक्तात पसरायला वेळ लावत नाहीत."

"आजपासनं पहाऱ्यावर तू," आबा म्हणाले. शिवांजलीनं खाडकन सलाम ठोकला.

पलूसजवळच्या त्यांच्या वाडीत आजारी माणसाला बघायला गेलं नाही, तर पुढं वर्षभर ऐकून घ्यावं लागतं. त्यामुळं शहाळी आणि बिस्किटांचे पुडे घेऊन सगळी आळी लोटली. शिवांजलीनं दारातच बादली, तांब्या आणि साबण मांडला होता.

"आमी काय घाणीतनं आलोय व्हय गं?" शेजारचे नानासो तात्या म्हणाले.

"गोठ्यातनं आलायसा की! म्हशीची धार काढताना बघितलंय मी तुमाला."

आत आबा खो खो हसले आणि लगेच टाके दुखले म्हणून पोट धरून बसले. तात्यांनी निमूट हात धुतले. म्हसवडहून आलेली आबांची बहीण, हरणाबाई, सिद्धनाथाचा अंगारा घेऊन आली होती. तो तिला जखमेवरच लावायचा होता.

"आज्जी, कपाळाला लावा. देवाला तिथनंबी कळतंय," शिवांजली म्हणाली. हरणाबाईला ते पटलं.

दुपारी बादलीतलं पाणी संपलं, म्हणून शिवांजली मागच्या नळावर गेली. तेवढ्यात तात्यांना जमिनीलगत लोंबणारी पिशवी दिसली.

"आवं लालासाब, ही खाली कशी? सलाईन कवा कुणी खाली ठेवतंय का?"

त्यांनी पिशवी उचलली आणि भिंतीतल्या उंच खुंटीवर, आबांच्या टोपीशेजारी, झोकात टांगून दिली. बघायला आलेल्यांनी माना डोलावल्या. आबांनीही डोलावली. फौजेच्या इस्पितळात त्यांनी बाटल्या वरच टांगलेल्या पाहिल्या होत्या.

शिवांजली परत आली ती दारातच थबकली. नळीतून हिरवं पित्त उलटं, आबांच्या पोटाकडे चाललं होतं.

"तात्याऽऽ!"

ती पळत सुटली, मग गपकन थांबली, माघारी फिरली, साबणानं हात धुतले आणि मगच पिशवी खाली घेतली.

"काय झालं एवढं?" तात्या गांगरले.

"सलाईन अंगात घालायचं असतंय. हे बाहेर काढायचंय! चरीचं घाण पाणी उसात माघारी शिरलं तर काय हुतंय?"

"मुळ्या कुजत्यात," तात्यांच्या तोंडून निघालं, आणि त्यांचा चेहरा पडला. "आरं देवा! लय चुकलं माझं."

उन्हं कलली, माणसं पांगली. बाहेर अजून रखरख होती आणि आबांनी मात्र घोंगडी ओढून घेतली. त्यांचे दात वाजत होते. शिवांजलीनं त्यांच्या कपाळाला हात लावला. चटका बसला.

"बापाला सांगू नगंस," आबा पुटपुटले. "काश्मिरात ह्याच्यापरास थंडी सोसलीया मी. त्या दवाखान्यातली बिनतिखटाची खिचडी परत नगं पोरी. हुकूम हाय माझा."

आबांचा हुकूम शिवांजलीनं कधी मोडला नव्हता. ती टाच जुळवून ताठ उभी राहिली.

"सुभेदारसाहेब, तुमच्या फौजेत पहारेकऱ्याला धोका दिसला, तर तो काय करायचा?"

आबांनी थरथरतच तिच्याकडं बघितलं. खोटं बोलणं त्यांना जमत नव्हतं. "शीळ मारायचा," ते म्हणाले.

शिवांजलीनं तोंडात दोन बोटं घातली आणि अशी शीळ मारली, की गोठ्यातली म्हैस उभी राहिली आणि रानातून पप्पा धावत आले. गाडी लगोलग सांगलीला निघाली. पिशवी खाली राहील असं बघत शिवांजली वाटभर आबांच्या पायाशी बसली.

"जंतू शिरलेत, पण वेळेत आलात," डॉक्टर म्हणाले आणि इंजेक्शनं सुरू केली.

"तात्यांमुळं झालं का?" तिनं सिस्टरांना विचारलं.

"तसं नाही सांगता येत गं. नळी असली की धोका असतोच. पण पिशवी वर टांगणं चूकच."

ताप उतरला. आबांनी तक्रार करत करत खिचडी संपवली आणि काही दिवसांनी हसत घरी आले. पहिला पाहुणा नानासो तात्याच. त्यांनी न सांगता कोपरापर्यंत हात धुतले आणि ते वर धरून, एखाद्या सर्जनसारखे, आत आले.

"आता बसू का, म्याडम?"

"बसा की," आबा म्हणाले. "पर त्या खुंटीकडं बघू नगासा!"

सगळे हसले, तात्या सगळ्यांत मोठ्यानं. शिवांजली मात्र हसली नाही. तिनं कोपऱ्यातला हातोडा आणला, स्टुलावर चढली आणि दोन्ही बाजूंनी ठोकून ती खुंटी भिंतीतून उपटून काढली. तिच्यावरची आबांची टोपी आपल्या डोक्यावर चढवली आणि पुन्हा दारात, बादलीपाशी जाऊन उभी राहिली.