जळकं लाकूड

मित्रांनो, लंडनच्या क्रॉयडन भागातल्या एका घराच्या दाराशी, छत्र्यांच्या शेजारी उभी असते ना, ती जुनी काठी म्हणजे मी. माझा जन्म जपानमधला. टोकियोच्या एका गल्लीत शिंतो देवाचे छोटे देऊळ आहे. ज्यांना फूजी पर्वताची यात्रा झेपत नाही, त्यांच्यासाठी तिथल्या आवारात फूजीचेच काळे दगड रचून लहानसा डोंगर केला आहे.

१९६६ साली सुहासिनीबाई तिथे आल्या. त्या लंडनच्या एका इस्पितळात रक्ततपासणीचे काम करत आणि परिषदेसाठी जपानला गेल्या होत्या. लहानपणीच्या पोलिओने त्यांचा उजवा पाय अधू होता. पुजाऱ्याने मला त्यांच्या हाती दिले. त्यांनी कमानीपाशी मान लववली, हात धुतले आणि माझ्यावर भार टाकत माथा गाठला. आयुष्यात चढलेला त्यांचा तो पहिलाच डोंगर! पुजाऱ्याने तापलेल्या शिक्क्याने माझ्या अंगावर डोंगराची खूण उमटवली. चर्र झाले. मला दुखले, पण बाई हसत होत्या.

पुढे क्रॉयडनला मी त्यांच्याबरोबर बसमधून, बर्फातून हिंडले. १९७१ साली पुण्याहून त्यांच्या सासूबाई आल्या. एका दुपारी, बाई कामावर असताना, त्यांनी मला पॉलिशपेपरने घासायला घेतले. मी हादरले. ओरडणार कशी? माझा डोंगर भुकटी होऊन वर्तमानपत्रावर पडत होता.

संध्याकाळी बाई दारातच थिजल्या. "आई, हे काय केलंत?"

"अगं, जळकं लाकूड ते! सरणावरून उचलून आणल्यासारखं. भरल्या घरात कशाला? बघ, कशी लख्ख झाली."

"अहो, मी डोंगर चढले होते, त्याची खूण होती ती."

"डोंगर? तू?" सासूबाईंचा हात तोंडाशी गेला. "मग कधी बोलली नाहीस ती!"

"तुम्ही कधी विचारलंत?"

त्या रात्री घरात कोणी धड जेवले नाही.

सकाळी सासूबाईंनी उलथन्याचा दांडा गॅसवर लाल होईपर्यंत तापवला. मी पुन्हा हादरले. आता मला जाळणार!

"सुहास, कशी होती गं खूण? दाखव."

बाईंनी पोळपाटावरच्या पिठात बोटाने डोंगर काढला. जळक्या लाकडाला भिणाऱ्या सासूबाईंच्या हातांनी तो माझ्या अंगावर उतरवला. चर्र झाले. डोंगर जरा वाकडाच आला.

मित्रांनो, कोणाच्याही वस्तूवरचा डाग पुसण्याआधी तो कसा पडला, एवढे विचारा. सासूबाईंनी त्या सकाळी विचारले. दांडा खाली ठेवून, माझ्यावर फुंकर घालत त्या म्हणाल्या, "चढताना फार दम लागला का गं?"