लाल पाटीच्या बाजूची गल्ली

या गावाची वस्ती किती, असं कुणी विचारलं तर आधी महिना कोणता ते बघावं लागतं. कॉलेज चालू असलं की चौकात पाय ठेवायला जागा नसते. सुट्टी लागली की त्याच चौकातल्या बाकावर कुत्रं आडवं पसरतं आणि त्याला हटकायलाही कुणी फिरकत नाही. पेंटरची बायको, म्हणजे पोरांच्या काकू, म्हणायची, "सुट्टीत जे उरतात ती खरी वस्ती. बाकीचे पाहुणे." आणि तिने जन्मभर माया लावली ती मात्र पाहुण्यांनाच. घराच्या वरच्या खोल्या ती विद्यार्थ्यांना भाड्याने द्यायची, त्यांच्या तापात उशाशी बसायची, परीक्षेच्या दिवशी त्यांना हाका मारमारून उठवायची. सुट्टीला निघालेल्या प्रत्येकाला दारातून तिचं एकच सांगणं असे, "पोचलास की कळव." मंडळी मुकाट्याने कळवत. न कळवलं तर परत आल्यावर काकूंचं फुगलेलं तोंड कोण बघणार?

चौक तसा साधाच. मधोमध कारंजं, त्यात पाणी कुणी बडी असामी येणार असली तरच सोडतात. एक रस्ता चढाने कॉलेजच्या फाटकाकडे जातो, दुसरा उताराने बसस्टँडकडे. बाकी सगळ्या गल्ल्या, आणि त्याही एका तोंडवळ्याच्या. खाली दुकान, वर भाड्याच्या खोल्या, राखाडी भिंती, खिडकीत वाळत घातलेले मोजे. नवीन आलेलं पोर सुरुवातीला हमखास भलत्याच जिन्याने वर जाऊन भलत्याच खोलीचं दार ठोठावतं. गल्ली ओळखायची ती तोंडाशी असलेल्या दुकानाच्या पाटीवरून. आणि चौकातली एकूण एक पाटी पेंटरच्या हातची. औषधवाल्याची पिवळी, वह्या-पुस्तकांच्या दुकानाची हिरवी, घड्याळवाल्याची निळी आणि बेकरीची लालभडक. बेकरीच्या बाजूची गल्ली ती पेंटरची. पेंटरला नाव होतं, पण ते कुणी घेत नसे. बायकोसुद्धा चिडली की "अहो पेंटर" म्हणून ठणकवायची. एरवी नुसतं "अहो".

काकूंचं विसरणं हळूहळू सुरू झालं. आधी चष्मा, मग गॅस, मग शेजारणीचं नाव. मग एक दिवस वर्तमानपत्र हातात धरून म्हणाल्या, "हे काय लिहिलंय हो? नुसत्या मुंग्या दिसतात." अक्षरांवर ज्याचं पोट चाललं त्याच्याच घरातून अक्षरं गेली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि मान हलवली. ती मान कुठल्या बाजूला हलली हे पेंटरने मुद्दाम बघितलं नाही.

लेक मोठ्या शहरात नोकरीला. ती आली, चार दिवस राहिली, आणि जाताना बापाला बाजूला घेऊन म्हणाली, "बाबा, आई अजून एकटी बाहेर जाऊन एकटी घरी येतेय, तोवर मी काही बोलत नाही. पण ज्या दिवशी ती घरी येणार नाही, त्या दिवशी तिला मी चांगल्या जागी नेऊन ठेवणार. तेव्हा हट्ट करायचा नाही."

"येईल ती," पेंटर म्हणाला. "हा चौक तिच्या पायांना पाठ आहे."

आणि होतंही तसंच. काकू रोज सकाळी पिशवी घेऊन निघत. औषधवाल्याकडे डोकावत, कारंज्यापाशी बसत, येता-जाता दिसणाऱ्या पोरांना "जेवलास का?" विचारत, बेकरीतून पाव घेत आणि गल्लीत वळून घरी येत. पेंटर खिडकीत उभा राहून वाट बघे. पिशवी गल्लीच्या तोंडाशी दिसली की त्याचा जीव भांड्यात पडे, आणि मग तो आपण खिडकीत नव्हतोच असं दाखवत ब्रश धुवायला बसे. काकू गल्ली कशी ओळखतात, हा विचार मात्र त्याच्या मनाला कधी शिवला नाही. घर ते घर. माणूस आपल्या घरी येतो, त्यात ओळखायचं काय?

त्याच वर्षी कॉलेजचा मोठा वर्धापन सोहळा आला आणि नगरपालिकेच्या अंगात सौंदर्यदृष्टी संचारली. चौकातल्या सगळ्या पाट्या एकाच रंगात हव्यात असं ठरलं. तपकिरी जमीन, साईच्या रंगाची अक्षरं. का, तर सभ्य दिसतं! असं सभ्यपण कुणाच्या डोक्यातून निघतं देव जाणे. पण त्यांनी एक शहाणपणा केला. छापील पाट्या नकोत, हाताने रंगवलेल्या हव्यात, असं म्हणाले आणि पेंटरच्या दारात आले.

पेंटर हरखून गेला. छापील फलकांनी त्याचं काम कधीच खाल्लं होतं, उरलं होतं ते 'खोली भाड्याने देणे आहे' एवढंच. आता पुन्हा शिडी निघाली. खडू लावलेली सुतळी ताणून पाटीवर टण्णकन रेघ उमटवायची, काठीवर मनगट टेकून अक्षराचं पोट फिरवायचं, हे सगळं बोटांनी जपून ठेवलं होतं. पिवळी पाटी त्याने स्वतः घासली. हिरवी घासली. निळी घासताना घड्याळवाला म्हणाला, "पेंटर, स्वतःचंच पुसताय?" तर हा हसला. म्हणाला, "दुसऱ्याने पुसण्यापेक्षा बरं!"

बेकरीची पाटी घासायला घेतली त्या सकाळी काकू शिडीखाली येऊन उभ्या राहिल्या. लाल भुगा त्यांच्या केसांवर पडत होता.

"लाल राहू द्या ना हो," त्या म्हणाल्या.

"अगं, सगळ्यांचा एकच रंग करायचाय."

"लाल राहू द्या."

"बरं बाई, तुझ्यासाठी घराचं दार लाल करीन. आता हो बाजूला, डोळ्यात जाईल."

त्या बाजूला झाल्या. पेंटर पुढे घासत राहिला. बायकांची एकेका रंगावर मर्जी असते, एवढंच त्याच्या डोक्यात आलं.

पाटी पुरी व्हायच्या दिवशी ऊन छान पडलं होतं. शेवटच्या अक्षराची कड सारखी करून पेंटरने शिडीवरूनच चौकाकडे नजर टाकली. सगळीकडे तपकिरी, सगळीकडे साईचा रंग, एकही रेघ वाकडी नाही. तेवढ्यात खालून हाक आली.

"अहो पेंटर!"

चिडलेली दिसते, असं म्हणून त्याने हसत खाली बघितलं. काकू पिशवी छातीशी धरून उभ्या होत्या. डोळे भिरभिरत होते.

"अहो पेंटर, इथे लाल पाटीची बेकरी कुठे आहे हो? मघापासून शोधतेय. तिच्या बाजूलाच आमचं घर. आमचे हे वाट बघत असतील."

पेंटर शिडीवरून कसा उतरला हे त्याचं त्यालाच कळलं नाही. बेकरीवाला दारात येऊन उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं आणि तो कपाळाला हात लावून आत निघून गेला. पेंटरने बायकोचा दंड धरला, "चल, मी दाखवतो," म्हणाला आणि तिला पंधरा पावलांवरच्या घरी पोचवलं. दारात ती म्हणाली, "फार उपकार झाले तुमचे."

त्याने लेकीला कळवलं नाही. दुसऱ्या दिवशी नगरपालिकेत जाऊन हात जोडले, एवढी एक पाटी लाल करू द्या. साहेब म्हणाले, आज तुम्हाला दिलं तर उद्या सगळेच मागतील. पेंटरने मग गल्लीच्या कोपऱ्यावर भिंतीला लाल पट्टा ओढला, पण काकूंनी त्याच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. त्यांचं लाल वर होतं, पावाच्या वासापाशी. पेंटर तिच्या मागोमाग हिंडू लागला. एका दुपारी तो बिचारा खुर्चीत पेंगला, आणि काकू बसस्टँडवर सापडल्या. लेकीने मागे जातानाच पिशवीवर आपला नंबर शिवून ठेवला होता, त्यामुळे पोलिसाचा फोन थेट तिला गेला.

लेक आली. ती भांडली नाही, तेच जास्त लागलं. बापाच्या शेजारी बसली आणि रडत म्हणाली, "बाबा, उद्या ती बसमध्ये चढली असती तर?" चौक तिच्या पायांना पाठ होता, तो पेंटरनेच घासून काढला होता. हे लेकीला सांगायला त्याचं तोंड उघडलं नाही.

वृद्धाश्रम बसने तासाभराच्या वाटेवर. स्वच्छ जागा, प्रेमळ नर्स, लांबच लांब बोळ आणि सगळी दारं पांढरी. पेंटरने तिथल्या बाईंना एवढंच विचारलं, "हिचं दार रंगवू का?" त्या हो म्हणाल्या. त्याने लाल रंगाचा डबा आणला, बेकरीसाठी कधीकाळी कालवलेला नेमका तोच लाल, आणि गुडघे दुखत असतानाही खाली बसून कडेपर्यंत दार रंगवलं. काकू बोळातून चालत आल्या. पांढरं दार, पांढरं दार, पांढरं दार. लाल दिसल्याबरोबर त्यांचा चेहरा उजळला.

"आलं बाई घर!" त्या म्हणाल्या आणि आत जाऊन पलंगावर ऐसपैस बसल्या.

पेंटर दुपारभर त्यांच्याजवळ बसला. त्या मधूनमधून त्याच्याकडे बघून ओळखीचं हसत होत्या, ते हसू नक्की कुणासाठी आहे हे त्याला उमगत नव्हतं. संध्याकाळच्या बसची वेळ झाली तेव्हा तो उठला. त्याने खांद्याला पिशवी लावलेली बघताच काकूही लगबगीने उठल्या, लाल दारापर्यंत आल्या आणि त्याच्या सदऱ्याची कॉलर सारखी केली.

"सुट्टी लागली वाटतं? नीट जा रे बाळा. पोचलास की कळव."

पेंटरने मान हलवली.

तो गावात उतरला तेव्हा खरोखरच सुट्टी लागलेली होती. खोल्यांच्या खिडक्या बंद, चौक रिकामा, बाकावर कुत्रं झोपलेलं. बेकरीपाशी त्याने वर बघितलंच नाही. घरी येऊन कुलूप काढलं, दिवा लावला आणि पिशवी न ठेवता उभ्या उभ्याच आश्रमात फोन लावला. नर्सने उचलला.

"पाहुणे निघून गेल्यापासून आजी फोनपाशीच बसून आहेत," ती म्हणाली. "कुणाचा निरोप देऊ?"

पेंटर म्हणाला, "वरच्या खोलीतला मुलगा म्हणावं. पोचला नीट."